आकसाची पट्टी

उद्यमबागेत माझं काम लाकडाचं.
ऐकणारे हसतात : भट्टी लोखंडाची, तिथं सुतार कशाला?
पण लोखंडाला स्वतःचा आकार नसतो.
आधी कुणीतरी सागवानात पंपाचं पोट कोरावं लागतं,
ते वाळूत दाबून अलगद उचलायचं,
मागं राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा.

माझ्याकडे एक पितळी पट्टी आहे,
शिवाप्पा बडिगेरनं निवृत्त होताना दिलेली.
तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटाहून
अष्टमांश इंच लांब.
रस निवताना आकसतो, म्हणून.
मागितलं तेवढंच मिळावं असं वाटत असेल
तर थोडं जास्त मागून ठेवायचं.
सगळे तिला कॉन्ट्रॅक्शन म्हणायचे,
शिवाप्पा म्हणायचा, आकसाची पट्टी.
तो कानडी. मराठीत आकस म्हणजे आणखी काय,
हे मी त्याला तीस वर्षांत सांगितलं नाही.

मच्छेच्या पलीकडं आमचं गाव.
गायरानात दुसरी भट्टी येणार म्हणून जनसुनावणी लागली.
नोटीस कानडीत, चावडीच्या भिंतीवर, उन्हाकडं तोंड करून.
सीमेचा निकाल लागायचा तेव्हा लागेल,
तोवर वाचून दाखवायला
कानडी शाळेतला, गंगव्वा तळवारचा नातू.

मी मागच्या बाकावर बसलो.
ह्याच कंपनीनं माझ्या घरावर स्लॅब घातलाय,
माझी राजक्का नर्सिंगला आहे ती ह्याच वाळूवर,
आणि ह्याच वाळूनं शिवाप्पाची छाती
जुन्या भात्यागत वाजायची.
दोन्ही खरं. कुठलं आधी सांगायचं
ते कळेना, म्हणून मागचा बाक.

साहेबांनी पडद्यावर झाडं दाखवली, चारशे नोकऱ्या दाखवल्या.
गंगव्वा उठली.
आधी कानडीत विचारलं, मग मराठीत,
साहेबांना पळवाट नको म्हणून :
"माझ्या शेळ्या कुठं चरायच्या, ते ह्या कागदात कितव्या पानावर हाय?"
साहेबांनी पानं चाळली. खरंच चाळली.
मग म्हणाले, नोंद घेतली.
कारकुनाचं पेन टोपणात होतं.

"आयतु," साहेब म्हणाले, म्हणजे झालं.
आम्हा मराठी कानांना ते आयतं ऐकू आलं
आणि तेही चुकीचं नव्हतं :
इतिवृत्त टाइप होऊनच आलं होतं,
फक्त खाली सह्यांची जागा कोरी.
"सही माडि."
चहाबरोबर खारी होती. मी सही केली.

महिन्याभरानं पंचायतीनं मला काम दिलं,
वरून आदेश होता : सूचनापेटी, लाकडी, कुलूपबंद,
भट्टीबद्दल ज्याला जे म्हणायचं ते त्यानं त्यात टाकावं.
मी जांभ्याच्या फळ्या घेतल्या.
हात सवयीनं पितळी पट्टीकडं गेला.
सवयीनंच गेला, असं मी अध्यक्षांना सांगितलं.

पेटी सरळ झाली, काटकोनात,
फक्त प्रत्येक फुटाला अष्टमांश इंच जास्त.
लाकूड थोडंच निवणार होतं?
कडी-कोयंड्याची चौकट बाजारातली, सरकारी मापाची.
भोकाला भोक जुळेना.
अध्यक्षांनी हातोडी आणवली, मग राहू दे म्हणाले.

तेव्हापासून पेटी उघडीच.
जाता-येता कुणीही झाकण उचलतं,
दुसऱ्याची चिठ्ठी वाचतं, आपली टाकतं.
ज्यांना कानडी येत नाही ते नातवाला बोलावतात,
ज्यांना मराठी येत नाही ते माझ्या राजक्काला.
काल त्यात एकोणसाठ चिठ्ठ्या होत्या,
एक बिडीचं थोटूक,
आणि शेळीच्या लेंड्यांची एक पुडी,
वर गंगव्वाचा अंगठा.

गायरानात पाया खणतायत.
रात्री उजेड एवढा की कुत्री भुंकायची विसरतात.
माझ्या टेबलावर नव्या भट्टीचं पहिलं ड्रॉइंग आलंय.
पट्टी पुसून ठेवलीय.
साठावी चिठ्ठी अजून खिशात आहे,
आणि ती लिहायला मला
कागद थोडा मोठा घ्यावा लागला.